संगणकांची शिरगणती

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



औषधाच्या दुकानातून आपण गोळ्यांची पट्टी आणतो, तिच्यावर बॅच नंबर छापलेला असतो. आपल्यापैकी फार थोडे लोक तो वाचतात. पण एखाद्या बॅचमध्ये दोष आहे असं लक्षात आलं, की तोच नंबर सर्वांत महत्त्वाचा होतो. कंपनी कळवते, अमुक नंबरचा माल परत पाठवा. मग घाऊक व्यापारी आपली बिलं काढतो आणि दुकानदार फळीवरचे खोके खाली घेतो. ज्याची वही नीट आहे त्याचं काम तासाभरात उरकतं. ज्याची वही नाही त्याला सगळं दुकान उपसावं लागतं, आणि तरीही एखादं खोकं माळ्यावर राहिलं तर नाही ना, ही शंका काही जात नाही.

संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरलाही असाच एक नंबर असतो. त्याला आवृत्ती किंवा व्हर्जन म्हणतात. सॉफ्टवेअर माणसंच लिहितात, त्यामुळे त्यात चुका राहतात. चूक सापडली की कंपनी ती दुरुस्त करते आणि नवी आवृत्ती किंवा 'पॅच', म्हणजे ठिगळ, सगळीकडे पाठवते. मात्र औषध आणि सॉफ्टवेअर यांत एक फरक आहे. दुरुस्ती जाहीर झाली की दोष कुठं आहे हे साऱ्या जगाला कळतं, आणि त्यात चोरही आले. त्या दिवसापासून शर्यत सुरू होते. आपण आधी ठिगळ लावतो, की चोर आधी त्या भोकातून आत शिरतो?

आता समजा, एका जिल्हा पातळीवरच्या बँकेच्या चाळीस शाखा आहेत आणि सहाशे संगणक आहेत. सोमवारी सकाळी बातमी येते, की अमुक सॉफ्टवेअरच्या अमुक नंबरच्या आधीच्या सगळ्या आवृत्त्या धोक्याच्या आहेत. संगणक विभागाच्या प्रमुखापुढे पहिला प्रश्न दुरुस्तीचा नसतोच. ते सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे का, असल्यास कोणत्या यंत्रांवर आहे, आणि कोणत्या आवृत्तीचं आहे, हे त्याला आधी कळावं लागतं. शाखांना फोन करून विचारावं, तर पलीकडून प्रश्न येतो, "साहेब, ते कुठं बघायचं?" म्हणून ही चौकशी मुख्य कार्यालयात बसून, तारांवरूनच करावी लागते. आज या चौकशीविषयी थोडं बोलायचं आहे. वरवर पाहता हा तंत्रज्ञांचा विषय. पण त्या सहाशे संगणकांत पैसे आणि माहिती आपली आहे, म्हणून तो आपलाही आहे.

दुरून चौकशी करण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दारावर टकटक करण्याचा. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर क्रमांक दिलेली हजारो दारं असतात. वेबसाइटचं दार वेगळं, ई-मेलचं वेगळं, छपाईचं वेगळं. तपासणारा प्रोग्राम एकामागून एक दारं वाजवत जातो. आत कुणी असलं तर उत्तर येतं, आणि पुष्कळदा उत्तर देणारं सॉफ्टवेअर आपलं नाव आणि आवृत्तीही सांगून टाकतं. यालाच स्कॅन करणं म्हणतात. यात कुलूप उघडावं लागत नाही, त्यामुळे काम झटपट होतं. मात्र रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढंच कळतं. माजघरात काय आहे ते दारावरून कसं समजणार?

दुसरा मार्ग किल्ली घेऊन आत जाण्याचा. मुख्य कार्यालयाकडे प्रत्येक संगणकाचे अधिकार असतात. ते वापरून तपासणारा प्रोग्राम आत जातो आणि संगणकाकडची यादी मागतो. विंडोज ही यादी 'रजिस्ट्री' नावाच्या आपल्या दप्तरात ठेवतं, आणि लिनक्समध्येही बसवलेल्या सॉफ्टवेअरची नोंदवही असते. पण इथंही मेख आहे. विंडोजमध्ये ती यादी एकाच जागी नसते. जुन्या, ३२ बिटच्या पद्धतीच्या प्रोग्रामांची नोंद वेगळ्या कप्प्यात असते. एखाद्या कर्मचाऱ्यानं फक्त स्वतःपुरतं काही बसवलं असेल, तर ते त्याच्याच कप्प्यात नोंदलं जातं. ज्याला सगळे कप्पे ठाऊक नाहीत तो अर्धीच यादी घेऊन परततो. शिवाय यादी मिळवण्याचा एक प्रचलित मार्ग असा आहे, की नुसतं विचारलं तरी विंडोज त्या यादीतला एकेक प्रोग्राम पुन्हा तपासायला लागतं आणि गरज वाटल्यास दुरुस्तही करायला घेतं. भर दुपारी सहाशे यंत्रांना हा प्रश्न विचारला तर काउंटरवर रांग लागलीच म्हणून समजा.

तिसरा मार्ग प्रत्येक संगणकात आपला एक निरोप्या बसवून ठेवण्याचा. तंत्रज्ञ त्याला 'एजंट' म्हणतात. हा छोटासा प्रोग्राम आतली खबर ठरावीक वेळानं मुख्य कार्यालयाला कळवत राहतो. एखादा अधिकारी लॅपटॉप घेऊन दौऱ्यावर असला तरी इंटरनेट मिळताच त्याची नोंद येते. ही सोय मोठी आहे. पण ज्या यंत्रात निरोप्या बसवायचाच राहिला, त्या यंत्राविषयी तो काही सांगू शकत नाही.

या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे, आणि आजच्या बोलण्याचं सारही तेच आहे. तपासणीनंतर पडद्यावर येतं, 'दोष सापडला नाही.' वाचणारा त्याचा अर्थ करून घेतो, 'दोष नाही.' ही दोन वाक्यं एक नव्हेत. त्यांच्यातल्या अंतरातून गेल्या काही वर्षांत किती मोठं नुकसान झालं, ते आता पाहू.

पहिलं उदाहरण इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं, म्हणजे एनएचएसचं. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती जाहीर केली. १७ मार्च आणि २८ एप्रिल रोजी आरोग्यसेवेच्या डिजिटल विभागानं रुग्णालयांना ती दुरुस्ती बसवण्याबद्दल इशारे पाठवले. आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच दोषातून जगभर पसरला. इंग्लंडमधल्या २३६ रुग्णालय-संस्थांपैकी किमान ८० संस्थांना त्याची झळ बसली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावं लागलं. बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होतं. म्हणजे ज्याची दुरुस्ती तयार होती आणि उपलब्धही होती, तेच.

तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. त्यातली एक नोंद फार बोलकी आहे. इशारे पाठवल्यानंतर ते संस्थांनी खरोखर पाळले की नाहीत, हे तपासण्याची कोणतीही औपचारिक व्यवस्था आरोग्य खात्याकडे नव्हती. थोडक्यात, परिपत्रक निघालं, पण ते अमलात आलं का, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांची ज्यांना सवय आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं उदाहरण याहून चटका लावणारं आहे, कारण इथं विचारलं गेलं होतं. 'इक्विफॅक्स' ही अमेरिकेतल्या अटलांटा इथली कंपनी. कोणी किती कर्ज घेतलं, ते कसं फेडलं, याच्या नोंदी ती ठेवते. आपल्याकडे सिबिलचं नाव आपण ऐकतो, त्याच जातीचं काम. तिच्या एका वेबसाइटमध्ये 'अपाचे स्ट्रट्स' नावाचं सॉफ्टवेअर वापरलेलं होतं. त्यातला दोष आणि त्याची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं सावध केलं. ९ मार्चला कंपनीच्या सुरक्षा विभागानं चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवली, की ४८ तासांच्या आत दुरुस्ती करा. आणि १५ मार्चला सगळ्या जाळ्याचं स्कॅन केलं. निष्कर्ष आला, दोष असलेली आवृत्ती कुठंही सापडली नाही.

ती होती. स्कॅननं वेबसाइटच्या पहिल्या पातळीवर पाहिलं आणि ते परत फिरलं. सॉफ्टवेअर एक पातळी खाली, आतल्या कप्प्यात होतं. आपल्याकडे स्ट्रट्स वापरलं जातं हे ज्या तंत्रज्ञाला ठाऊक होतं, त्याचं नाव त्या चारशेजणांच्या यादीत नव्हतं. आणि कोणत्या यंत्रावर काय बसवलेलं आहे, याची संपूर्ण नोंदवही कंपनीकडे नव्हती. मे महिन्याच्या मध्यावर चोर आत शिरले आणि ७६ दिवस आत वावरले. जाळ्यावरची ये-जा तपासणाऱ्या यंत्रणेचं प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वीच मुदत संपून पडलेलं होतं, म्हणून चोरी दिसली नाही. जुलैअखेर ते प्रमाणपत्र बदललं, तेव्हा लगेच संशयास्पद हालचाल नजरेस आली.

तोपर्यंत सुमारे १४ कोटी ८० लाख लोकांची माहिती गेली होती. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि अमेरिकेत ज्याच्यावर सगळे व्यवहार चालतात तो सोशल सिक्युरिटी क्रमांक. कार्ड बदलता येतं, जन्मतारीख कशी बदलणार? यातल्या बहुतेकांनी त्या कंपनीशी कधी थेट व्यवहारही केला नव्हता. २०१९ साली कंपनीनं तडजोडीपोटी किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आणि अमेरिकन काँग्रेसच्या समितीनं २०१८ च्या अहवालात निष्कर्ष काढला, की ही चोरी पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती.

श्रोतेहो, इथं आळस झाला असं सरसकट म्हणता येणार नाही. इशारा वेळेवर आला, ई-मेल गेली, तपासणीही झाली. घात झाला तो 'सापडलं नाही' या उत्तरानं. हे उत्तर मिळालं की माणूस निर्धास्त होतो. मुळीच तपासलं नसतं तर निदान मनात धाकधूक तरी राहिली असती.

तिसरं उदाहरण 'लॉगफोरजे'चं. हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं, कारण हे सॉफ्टवेअर कुणी मुद्दाम विकत आणत नाही. मोठ्या प्रोग्राममध्ये काय काय घडलं, याची रोजनिशी लिहिणारा हा एक छोटा भाग आहे. जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य प्रोग्रामांत तो घातलेला असतो. डिसेंबर २०२१ मध्ये त्यात भयंकर दोष असल्याचं उघड झालं. गंभीरपणाच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले! आता जगभरच्या संस्था तपासायला बसल्या. पण विचारणार कुणाला? बसवलेल्या प्रोग्रामांच्या यादीत लॉगफोरजे हे नावच नसतं. मसाल्याच्या पुडीवर 'गोडा मसाला' एवढंच लिहिलेलं असावं आणि त्यात दगडफूल आहे की नाही हे बाहेरून कळू नये, तसा हा प्रकार. कित्येकदा तर पुडीच्या आत पुडी, आणि तिच्या आत हा भाग.

त्यात आणखी एक अडचण आली. पहिली दुरुस्ती अपुरी निघाली. २.१५ नंतर २.१६, मग २.१७, मग २.१७.१ अशा आवृत्त्या डिसेंबर संपेपर्यंत येत राहिल्या. म्हणजे आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे, हा प्रश्न प्रत्येक यंत्राला पुन:पुन्हा विचारावा लागला. अमेरिकन सरकारच्या एकट्या एका खात्यानं या कामी ३३ हजार तास खर्च केल्याची नोंद आहे. जिथं घटकांची यादी तयार नव्हती, तिथं शोधण्यातच वेळ जाणार हे उघड आहे.

यातून एक चांगली गोष्ट पुढं सरकली. खाण्याच्या पाकिटावर घटक छापतात, तशी सॉफ्टवेअरबरोबर घटकांची यादी द्यावी, हा विचार आधीपासून होता. त्याला आता जोर आला. आपल्या देशात सायबर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यादी हाती असली की दहापैकी दहाचा दोष आला तरी निदान कुठं पाहायचं, हे तरी कळतं.

हे सगळं परदेशातलं, असं वाटत असेल तर न्हावा-शेवाकडे पाहावं. वॉनाक्रायनंतर साधारण सहा आठवड्यांनी, जून २०१७ च्या अखेरीस, 'नॉटपेट्या' नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून सुटला. त्यात 'मर्स्क' ही जहाज कंपनी सापडली आणि जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. नॉटपेट्यानं विंडोजमधला तोच, मार्चमध्ये दुरुस्त झालेला दोष वापरला होता. शिवाय एका यंत्रात शिरल्यावर तिथले पासवर्ड चोरून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही जाऊ शकत होता. मर्स्कला पुढं सुमारे ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले. म्हणून ९९ टक्के यंत्रं नीट आहेत, या वाक्यावर समाधान मानता येत नाही. उरलेल्या एका टक्क्याचा पत्ता कोणता, ते माहीत असावं लागतं.

आता नाण्याची दुसरी बाजू. नंबर जुना दिसला म्हणजे दोष आहेच, असंही नसतं. काही लिनक्स कंपन्या जुन्या आवृत्तीलाच आतून ठिगळ लावतात आणि वरचा मूळ नंबर तसाच ठेवतात. ग्राहकाची घडी विस्कटू नये हा हेतू. पण दारावरून नंबर वाचून जाणारं स्कॅन तिथं उगाच बोंब ठोकतं. अशा खोट्या हाका शंभरदा आल्या, की एकशे एकावी खरी हाकही दुर्लक्षित होते. म्हणून यंत्रानं दिलेली यादी अनुभवी माणसानं वाचावी लागते.

दुसरी काळजी किल्लीची. सगळ्या संगणकांत डोकावू शकणारी यंत्रणा म्हणजे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या 'सोलरविंड्स' या कंपनीची गोष्ट उघड झाली. तिचं 'ओरायन' हे सॉफ्टवेअर इतरांच्या जाळ्यांवर देखरेख ठेवायचं. हेरांनी त्याच्याच नव्या आवृत्तीत आपला प्रोग्राम मिसळला. ती आवृत्ती सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोचली, आणि त्यांतल्या निवडक ठिकाणी हेर आत शिरले. राखणदाराची झडती कोण घेणार, हा प्रश्न तेव्हापासून ऐरणीवर आहे. पण म्हणून राखणदार नकोच, असं कुणी म्हणत नाही. जुडगा कमीत कमी लोकांच्या हाती असावा, आणि तो कुणी कधी वापरला याची नोंद व्हावी, एवढाच त्याचा अर्थ.

मग करायचं काय? सुरुवात वहीपासून. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेचे नियम घालून दिले, त्यांतही आपल्या संगणक-सामग्रीची अद्ययावत नोंदवही ठेवण्यास सांगितलं आहे. किती यंत्रं आहेत हे आधी मोजायचं आणि मग त्यांच्या आत पाहायचं. हा क्रम उलटा झाला की वहीत नसलेलं यंत्र तपासणीतूनही सुटतं. नेमकं तेच कोपऱ्यात, धूळ खात, पण तारेला जोडलेलं असतं.

त्यानंतर तपासणीचा अहवाल कसा वाचायचा, ते. बहुतेक अहवालांत एक आकडा ठळक असतो, इतक्या यंत्रांत दोष सापडला. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळा आहे. किती यंत्रांनी उत्तरच दिलं नाही? सहाशेपैकी ५४० बोलली, त्यांतल्या १२ यंत्रांत दोष निघाला, तर ते १२ दुरुस्त करणं सोपं आहे. उरलेल्या ६० यंत्रांचं काय? ती बंद होती, दौऱ्यावर होती, की किल्ली लागली नाही? ज्या अहवालात हे साठ दिसत नाहीत, तो अहवाल अपुरा आहे.

आपल्यापैकी कुणी पतसंस्थेचे सभासद असतील, कुणी शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या समितीवर असतील. वार्षिक सभेत आपण नफ्याविषयी, लाभांशाविषयी विचारतो. तिथं आणखी दोन साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. आपल्या सगळ्या संगणकांची मोजणी शेवटची कधी झाली? आणि त्या वेळी किती यंत्रांनी उत्तर दिलं नाही? हे विचारायला संगणकशास्त्र शिकावं लागत नाही. उत्तर ताबडतोब मिळालं तर समाधान मानावं. एकमेकांच्या तोंडाकडे पाहणं सुरू झालं, तर तेही एक उत्तरच आहे.

घरच्या संगणकाची मुख्य कार्यालयातून कुणी चौकशी करत नसतं, ती आपली आपण करायची. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर वेगळी नोंदणी केली तरच काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. आपल्या घरी कोणती आवृत्ती आहे, हे 'सेटिंग्ज'मध्ये दोन मिनिटांत दिसतं. मोबाइलचंही तसंच. आणि भिंतीवरचा तो वाय-फायचा डबा बसवल्यापासून एकदाही आपण पाहिलेला नसतो. त्याच्या आतही सॉफ्टवेअर आहे, आणि त्यालाही आवृत्ती आहे. आज सुट्टीच आहे, तेव्हा त्याच्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.